काचपेटीतलं रान आणि पाळलेला गेको: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीतल्या आमच्या घराच्या सोप्यात दोन काचपेट्या आहेत. आत माती, वेली, ओलं लाकूड आणि नशीब असेल तर दिसणारा एक गेको, म्हणजे आपल्या पालीच्याच कुळातला प्राणी. चवथीला घर भरलं की दर वर्षी तेच प्रश्न येतात, हल्ली फोनवरही येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आधी एक गोष्ट. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ आणि पुस्तकं थंड, कोरड्या घरांत राहणाऱ्यांची आहेत. त्यांची सगळी धडपड पेटी गरम आणि ओली ठेवण्यासाठी असते. आपल्याकडे ऊब आणि ओल दोन्ही फुकट मिळतात, आणि आपला जीव जातो तो ती पेटीबाहेर काढण्यात. व्हिडिओ बघून पेटी लावणाऱ्याचा पहिला पावसाळा म्हणूनच वाया जातो. माझाही गेला.

घराच्या भिंतीवर फुकटच्या पाली असताना विकतची कशाला?

हा प्रश्न मूळचा आजीचा. भिंतीवरची पाल तिच्या मर्जीने आपल्या घरात राहते. ती पेटीत कोंडली तर काचेला धडका देत बसते आणि बऱ्याचदा खाणंच सोडते. अंगावर आणि पोटात परजीवी असतात ते वेगळेच. पेटीत जन्मलेल्या गेकोची गोष्ट निराळी, त्याला बाहेरचं जग माहीतच नसतं. आजीला हे पटलं नाही. पण संध्याकाळी चष्मा लावून पेटीसमोर खुर्ची टाकून बसते ती तीच.

पाल विषारी असते ना?

नाही. जगातला एकही गेको विषारी नाही. मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पेटीत हात घातला की साबणाने धुवायचा, पेटीतली भांडी मोरीत धुवायची पण स्वयंपाकाच्या ओट्यावर आणायची नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात गेको द्यायचा नाही. पाल अंगावर पडण्याच्या शकुनाबद्दल मला विचारू नका, पंचांग बघा.

कायद्याचं काय? पकडतील का?

रानातून पकडून आणलेला असेल तर पकडायलाच हवं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली आपल्या देशातले संरक्षित वन्य प्राणी घरात ठेवता येत नाहीत. ईशान्य भारतातला टोके गेको त्यात येतो. कोणी 'टोके देतो, भरपूर पैसे मिळतील' असं सांगत आला तर दार लावून घ्या. त्या प्राण्याच्या चोरट्या व्यापाराने बरेच लोक तुरुंगात गेले आहेत.

परदेशी जातींचा नियमही आता कडक झालाय. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराने बंधन घातलेले परदेशी जीव चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मादागास्करचे हिरवे डे गेको सायटीसच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांना हे लागू होतं. विकणाऱ्याकडून पक्कं बिल आणि तो गेको पिंजऱ्यातच जन्मल्याचा कागद घ्या. कागद मागितल्यावर समोरच्याने विषय बदलला आणि तुमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, तर तिचं ऐका. कुठली जात कुठल्या यादीत आहे हे विकत घेण्याआधी वनखात्यात विचारून घ्यायचं, नंतर नाही.

गोव्याचा स्वतःचा एक गेको आहे: निमास्पिस गोएन्सिस. काणकोणच्या रानातून १९७६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. बोटाएवढा, मातकट, गोल बुबुळांचा, दिवसा फिरणारा. पैंगीणच्या वाटेवर एखाद्या खडकावर दिसला तर बघत उभे राहा आणि पुढे चला.

गोव्याच्या हवेत कुठला गेको टिकतो?

सगळ्यांना हवा असतो तो क्रेस्टेड गेको. डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर, हसल्यासारखं तोंड, आणि गोष्टही तशीच: न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा हा प्राणी नष्ट झाला असं सगळे धरून चालले होते आणि १९९४ साली तो पुन्हा सापडला. पण त्याला २२ ते २६ अंश मानवतं. २८ च्या वर तो त्रासतो आणि तशा उकाड्यात दिवसच्या दिवस काढावे लागले तर मरतो. आता आपला मे महिना आठवा. पणजीत दुपारी ३३, आणि पहाटेसुद्धा २६ च्या खाली पारा जात नाही. म्हणजे त्याची जी सगळ्यात गरम दुपार, ती आपली पहाट. ज्या खोलीत मार्च ते जून एसी चालतो त्याच खोलीत क्रेस्टेड ठेवावा, नाहीतर घेऊ नये. 'पंख्याखाली ठेवतो' म्हणणारे दोघं मला माहीत आहेत. दोघांचेही गेले. पंखा आपला घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. गेकोला घामच येत नाही.

एसी नसेल तर मादागास्करचा मोठा डे गेको बघा. दिवसा २८-२९ अंश त्याला चालतात, ऊन खायला याहून गरम कोपरा तर तो स्वतःच शोधतो, आणि दिवसा हिंडत असल्याने दिसतो. पश्चिम आफ्रिकेतला फॅट-टेल जमिनीवर राहतो. त्यालाही ऊब आणि थोडी ओल लागते, पण झाडांत चढायची हौस त्याला नाही. लेपर्ड गेको सगळीकडे मिळतो, पण तो कोरड्या, खडकाळ मुलखातला. हिरवीगार ओली पेटी त्याच्यासाठी नाही. शिवाय त्याचा मूळ मुलूख वायव्य भारतापर्यंत येतो, म्हणून कागदपत्रांची चौकशी दुप्पट करा.

पेटी केवढी आणि कुठून?

एका मोठ्या गेकोला किमान ४५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ६० उंच. झाडावर चढणाऱ्याला उंची महत्त्वाची. फिश टँक बनवणारा कुठलाही कारागीर हे करून देतो, फक्त त्याला तीन गोष्टी समोर बसून समजवाव्या लागतात: दार पुढून उघडायला हवं, दाराखाली पेटीच्या रुंदीएवढी लांब जाळीची पट्टी हवी, आणि वर काच नको, पूर्ण जाळी हवी. खालून हवा शिरते, वरून निघते. तिकडच्या पुस्तकांत वरची जाळी अर्धी झाका म्हणतात, ओल टिकावी म्हणून. आपण झाकायची नाही. तळाच्या काचेला कोपऱ्यात एक भोक पाडून छोटा नळ बसवायला सांगा. त्याचं कारण पुढे येतं.

जोडायचं सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं घ्या आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. भरलेली पेटी सहज ३५-४० किलो होते. तेव्हा ती टीपॉयवर नको.

तळाशी काय घालायचं?

इथे मी माझी चूक सांगतो. पहिली पेटी मी जूनमध्ये लावली. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे तळाशी दोन बोटं खडी, वर माती, आणि दिवसातून तीन वेळा फवारा. पंधरा-वीस दिवसांनी दार उघडलं तर चिखलणीच्या शेताला येतो तसा वास. माती बोटाने उकरली तर खाली काळी, चिकट, आणि फर्नची मुळं शिजल्यासारखी हातात आली. पाणी वरून जात होतं पण उडत नव्हतं, कारण बाहेरची हवाच ओलीचिंब. खडीचा थर काठोकाठ भरला आणि माती खालून पाणी शोषत बसली. गेको अजून आणला नव्हता, एवढंच बरं.

आता मी तळाला पाच ते सहा सेंटिमीटर कौलाचे तुकडे घालतो. जुनं मंगळुरी कौल गोणत्यात घालून हातोडीने फोडायचं, सुपारीएवढे तुकडे करायचे, धुळीचं पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवायचं. भाजलेली माती हलकी आणि सच्छिद्र असते, विकतच्या मातीच्या गोळ्यांचं काम फुकटात होतं. चिऱ्याचे तुकडे नकोत, ते झिजून लाल गाळ होतो. त्यावर खिडकीला लावतात ती मच्छरांची फायबरची जाळी, दोन पदरी. लोखंडी जाळी एका पावसाळ्यात गंजते. कौलांच्या थरात पाणी अर्ध्यावर आलेलं बाहेरून काचेतून दिसतं. दिसलं की नळ उघडायचा. नळ नसेल तर एका कोपऱ्यात उभा पाइप ठेवून त्यातून सलाईनच्या नळीने पाणी ओढायचं.

माती कुठली? परसातली चालेल का?

नुसती परसातली नको, ती दबून घट्ट होते आणि तिच्याबरोबर गोगलगायी, मुंग्या, गोमा येतात. जगभर वापरतात ते मिश्रण अटलांटाच्या वनस्पती उद्यानातलं: फर्नच्या खोडाचा काथ्या, झाडाची साल, पीट, कोळसा आणि स्फॅग्नम शेवाळ. आपल्याकडे मी असं करतो: नारळाच्या सोडणांचे बोराएवढे तुकडे तीन भाग, कोकोपीट (काथ्याचा भुसा) एक भाग, करवंटीचा कोळसा एक भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग. कोकोपीट जाणूनबुजून कमी, कारण ते पाणी धरून ठेवतं. सोडणं आणि कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढा. किनारपट्टीवरच्या काथ्यात मीठ असतं आणि झाडांची पानं कडेने करपली की बहुतेकदा तेच कारण निघतं.

वर पानांचा थर. फणसाची वाळलेली पानं उत्तम, देशी बदामाची लाल पानं त्याहून उत्तम, सावकाश कुजतात. काजूची पानं आणि लाकूड घालू नका, त्याचा चीक अंगाला लागतो हे आपल्याला काजूच्या हंगामात कळलेलं असतंच. पानं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग घालायची.

समुद्रावर मिळालेलं सुंदर लाकूड घालू का?

घाला, पण आधी दोन-तीन आठवडे गोड्या पाण्यात, पाणी बदलत. बांबू दिसतो छान पण ओलीत लवकर सडतो. फणस-सागवानाची मुळं वर्षानुवर्षं टिकतात. कुठलंही लाकूड काचेला सिलिकॉनने पक्कं चिकटवा. गेकोच्या अंगावर ओंडका घसरला की तो मरतो.

झाडं कुठली लावू?

मनी प्लांट. हसू नका, गेको त्याच्या रुंद पानावर झोपतो आणि ते झाड मारायला खास मेहनत लागते. मागच्या भिंतीवर चढवायला फायकस प्युमिला, तळाला स्नेक प्लांट, लाकडावर अननसाच्या कुळातलं ब्रोमेलियाड. ब्रोमेलियाडच्या पेल्यात थेंबभर पाणी साचतं आणि गेको ते चाटतो.

पावसात चिऱ्यांच्या कुंपणावर जे बारीक फर्न उगवतात ते तुमच्या स्वतःच्या कुंपणावरचे असतील तर खुशाल घ्या. अभयारण्यातून काडीही आणायची नाही, आणि झाडांवर लोंबणारी ऑर्किडं तर नाहीच, मग ती कितीही सुंदर फुललेली असोत. चिकाची झाडं टाळा: निवडुंगासारखी शेर, डिफेनबाकिया.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा नर्सरीतून आणलेलं रोप लगेच पेटीत जात नाही. मुळांची माती पूर्ण धुवा, त्यातले खताचे रंगीत मणी वेचून काढा, आणि रोप महिनाभर बाहेर वाढवा. नर्सऱ्या झाडात भिनणारी कीटकनाशकं वापरतात. ती पानांतून किड्यांत आणि किड्यांतून गेकोत जातात.

झाडं लावली, आता गेको उद्याच आणू?

चार ते सहा आठवडे थांबा. मुळं धरू देत, आणि पेटी सकाळ-दुपार-रात्र किती अंश दाखवते ते तोपर्यंत वहीत लिहा. तापमापक दोन हवेत, एक वर, एक तळाशी.

लाकडावर पांढरी कापसासारखी बुरशी आली! सगळं फेकू?

काही करू नका. पहिल्या महिन्यात ती येतेच, लाकडातली साखर संपली की जाते. तिला खायला स्प्रिंगटेल सोडा: मुंगीच्या अंड्याएवढे पांढरे किडे, फुंकर मारली की उड्या मारतात. त्यांच्याबरोबर आयसोपॉड, म्हणजे कुंडी उचलल्यावर खाली सापडतात ते राखाडी, कवचाचे, बोट लावलं की काही जाती गोळी होतात ते. विष्ठा आणि सडकी पानं हे दोघं खातात. गोळी होणारे सगळेच आयसोपॉड नसतात, वाणी किड्याच्या काही जातीही तशाच गोळी होतात. पाय मोजा: प्रत्येक कड्याला एक जोडी असेल तर आयसोपॉड, दोन असतील तर परत कुंडीखाली. काळी, हिरवट, वास मारणारी बुरशी मात्र वेगळी. तिचा अर्थ हवा खेळत नाही.

किती वेळा पाणी फवारायचं?

ऋतू विचारा, घड्याळ नको. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तेव्हा सोप्यातच आर्द्रता ८५-९० टक्के असते. मी जुलैत दिवसाआड संध्याकाळी चार-पाच फवारे मारतो, तेही गेकोला थेंब चाटायला मिळावेत म्हणून. जानेवारीत, हवा कोरडी असते तेव्हा, रोज दोनदा. नियम एकच: रात्री ७०-८० टक्क्यांपर्यंत जाऊ दे, पण दुपारपर्यंत काच आणि वरची पानं कोरडी दिसली पाहिजेत. चोवीस तास ओल्या पेटीत गेकोच्या कातडीला फोड येतात. उलट फार कोरडं झालं तर कात नीट सुटत नाही, बोटांवर कड्यासारखी अडकते आणि बोट वाळतं.

जूनमध्ये एवढ्याने भागत नाही. वरच्या जाळीवर कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवा, दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटं. सगळ्या खटाटोपात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक मला या पंख्याने पडला.

पाणी आरओचं वापरा, नाहीतर काचेवर पांढरे डाग पडतात. आषाढात मी पावसाचं भरतो, पहिल्या सरी जाऊ देऊन.

लाइट कुठला? खिडकीतलं ऊन पुरेल ना?

खिडकीतलं ऊन पेटीवर पडू देऊच नका. बंद काचेत अर्ध्या तासात भट्टी होते, आणि कातडीला लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे उष्णता मिळते, फायदा नाही. झाडांसाठी ६५०० केल्विनचा एलईडी, दहा ते बारा तास, टायमरवर. डे गेकोला यूव्हीबी ट्यूब वेगळी. ती पेटत राहिली तरी तिचे किरण कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षाने बदलावी. क्रेस्टेडला हलकी पुरते.

मुंग्या!

हो. रातकिड्यांचा वास आला की रांग लागते. जुन्या घरांत दुधा-तुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तेच इथे करायचं. पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण टाका, नाहीतर मुंग्या थांबतील आणि डास वाढतील. वायर वाटीबाहेर लोंबत असेल तर ती त्यांच्यासाठी पूल आहे. मुंग्यांची पावडर, खडू, स्प्रे यांतलं काहीही त्या खोलीत नको.

खायला काय? बाहेरचे किडे पकडून घालू?

क्रेस्टेडला तयार पावडर मिळते, पाण्यात कालवून द्यायची. सोबत आठवड्यातून एक-दोनदा कॅल्शियमच्या भुकटीत घोळवलेले रातकिडे. कॅल्शियम चुकलं की हाडं मऊ होतात आणि जबडा वाकतो. तो पुन्हा सरळ होत नाही. पिकलेली पपई अधूनमधून चालते. केळं नको, त्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त. रात्री न खाल्लेले रातकिडे सकाळी काढून टाका, भुकेले असले की ते झोपलेल्या गेकोला चावतात. एक माझ्या हातून सुटला तो आठवडाभर फ्रिजमागून गात होता.

शेतातले किडे नकोत, फवारणीचं काही सांगता येत नाही. आणि काजवे कधीच नाही. मृगाच्या सुमारास सत्तरी तालुक्यात झाडं लखलखतात, पोरं बाटलीत भरून आणतात. काही जातींच्या काजव्यांतलं विष असं असतं की एक गिळून सरडे मेलेले आहेत. त्या दिवसांत रात्री पेटीचं दार उघडं ठेवून कुठे जाऊ नका.

दोन ठेवले तर एकमेकांना सोबत होईल?

दोन नर मारामारी करतात. नर-मादी ठेवले तर नर तिला सुखाने जगू देत नाही. एकच ठेवा. मारामारीत क्रेस्टेडने शेपूट टाकली तर ती परत येत नाही.

मे महिन्यात लाइट गेली तर?

फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा. लाइट गेली की टॉवेलमध्ये गुंडाळून वरच्या जाळीवर आडव्या ठेवायच्या, गार हवा खाली उतरते. पेटीवर ओलं कापड, पण जाळी पूर्ण झाकायची नाही. गेको तोंड उघडून धापा टाकत तळाशी आला असेल तर त्याला हवेशीर डब्यात घालून ज्याच्याकडे इन्व्हर्टरवर एसी चालतो त्याच्या घरी न्या. शेजाऱ्यांशी भांडण असेल तर ते एप्रिलमध्येच मिटवा.

नको झाला तर रानात सोडू?

नाही. इथल्या हवेत तो मेला तर वाईट, जगला तर त्याहून वाईट. बाहेरचा प्राणी इथल्या पालींना रोग देतो आणि त्यांची जागा घेतो. दुसरा पाळणारा शोधा, नोंदणी झालेली असेल तर मालक बदलल्याची नोंदही करा.

चार दिवस बाहेरगावी जायचं आहे, कोणाला सांगू?

मोठा, धष्टपुष्ट गेको चार दिवस न खाता राहतो. टायमर चालू, पाण्याची वाटी भरलेली, पुरे. आम्ही एकदा पंढरपूरला गेलो तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि सांगितलं, काकू, फक्त रोज एकदा तापमापक बघून फोन करा, बाकी हात लावू नका. दुसऱ्या दिवशी फोन आला: "अरे, २७ आहे. आणि बिचारा वर तोंड करून बसला होता, म्हणून तांब्याभर पाणी ओतलं." ऐन श्रावणात. आल्या आल्या बॅग दारात ठेवून मी आधी नळ उघडला.